पिवळी रेघ

"धुपाचाच वास आहे तो, मास्तर," उदाजी म्हणाला. "खंडेनवमी आहे आज. शेडात धुपाचा वास नाही येणार तर काय मोगऱ्याचा येणार?"

मी विमानाच्या नाकाशी वाकून उभा होतो. हातात कुंकवाची कोयरी होती. प्रोपेलरच्या मधोमध कुंकवाचे बोट टेकवायचे, एवढेच काम त्या दिवशी माझ्या वाट्याला ठेवण्यात आले होते. बोट टेकवले आणि लाकडाच्या मागून एक वास आला. धुपाचा वास गोडसर असतो, आणि तो आपण होऊन अंगावर येतो. हा वास कोरडा होता व आत दडून बसला होता. लेथवर बोथट हत्याराने सागवान कातू लागले म्हणजे जो करपट वास सुटतो, तसा.

"लाकूड जळल्याचा वास आहे," मी म्हणालो.

"जळतंय खरं कुठंतरी," उदाजी म्हणाला, आणि शेडातली सगळी माणसे हसली.

सर्वांत मोकळे हसले ते मेघश्याम चित्रे. त्यांचे हसणे असे होते की ज्याच्यावर हसत त्यालाही क्षणभर हसू येई. मला आले नाही.

उदाजी पिसाळाचा कऱ्हाडजवळ उसाच्या ट्रॉल्या बांधण्याचा कारखाना होता, आणि मी तालुक्याच्या तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवीत असे. कारखान्याच्या मागच्या शेडात आम्ही दोघांनी मिळून ते एका आसनाचे विमान बांधले. त्यात आमचे सारे रविवार गेले. उदाजी जोडी आणि मी तपाशी. त्या विमानाच्या अंगातला एकूणएक नट मी टॉर्क रेंचने आवळला होता. हा जोर मोजून आवळणारा पाना असतो. ठरवलेला जोर बसला की तो 'टक' असा आवाज करतो, आणि शहाण्या माणसाने तिथे थांबायचे असते. टक झाले की मी नटापासून बोल्टापर्यंत तांबड्या रंगाची एक बारीक रेघ ओढी. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दर कामाच्या आधी इंग्रजी पुस्तकातले ते ते प्रकरण मी नीट मराठीत उतरवून आणी आणि उदाजीला वाचून दाखवी. तो डोळे मिटून ऐके. म्हणे, "वाचा मास्तर. तुमचं मराठी कानावर पडलं की इंजिनसुद्धा सोवळं नेसून बसतंय."

पहिले उड्डाण मुरलेल्या माणसाने करावे, हा आग्रहही माझाच होता. उदाजीच्या गाठी परवाना होता, पण उड्डाणाचे तास थोडे होते. त्याची समजूत मी घातली. त्या माझ्या आग्रहाचे फळ म्हणून, गणपतीच्या सुमारास, पावसाची झड लागलेली असताना, पुण्याहून चित्रे आले. ते ग्लायडर शिकवीत. मोटारीच्या टपावर घोंगडीत गुंडाळलेला लाकडी प्रोपेलर बांधून आणला होता. आल्या आल्या त्यांनी कोट काढला, माझ्या हातातला रेंच "द्या हो जरा" म्हणून घेतला, आणि उदाजीच्या पत्नी इंदुमतीवहिनींनी आणलेला चहा निवायच्या आत प्रोपेलर इंजिनाच्या चकतीवर चढवून त्याचे सहाही नट आवळून टाकले. मी म्हणालो, "प्रोपेलरचे प्रकरण अजून वाचायचे राहिले आहे." ते म्हणाले, "पुस्तक कशाला? हाताला कळतं." मग ट्रॉल्यांच्या पिवळ्या रंगाच्या डब्यात काडी बुडवून त्यांनी सहा नटांवर सहा पिवळ्या रेघा ओढल्या. "तांबडी दीक्षितांची, पिवळी माझी. विमान पडलं तर कोणाला धरायचं ते कळेल." उदाजी इतका हसला की त्याला बाकावर बसावे लागले.

त्यानंतर वाचन झाले नाही. रविवारी मी कागद घेऊन जाई आणि चित्र्यांच्या गोष्टी ऐकून परत येई. मोराच्या थव्यात ग्लायडर उतरवल्याची गोष्ट मी तीनदा ऐकली, आणि तिन्ही वेळा मोरांची संख्या निराळी होती. मी तसे बोलून दाखवले. उदाजी म्हणाला, "मास्तर, मोर मोजायला नव्हते, बघायला होते." त्या घरात निळ्या फुलांचा एक कप होता. इंदुमतीवहिनी तो मला देत. तो माझा आहे असे कोणी कधी म्हटले नव्हते, म्हणूनच तो माझा होता. पितृपक्षात एका रविवारी तो कप चित्र्यांच्या हातात दिसला. मला काचेच्या पेल्यात चहा मिळाला. चहा तोच होता.

तर खंडेनवमीच्या त्या सकाळी चित्र्यांनी विमान साखर कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर नेऊन, जमीन न सोडता, इंजिनाच्या पूर्ण जोरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा पळवले होते. दुपारी ते शेडात आणून आम्ही पूजेला उभे केले. पाटावर उदाजीच्या आजोबांची तलवार, वेल्डिंगची हातोडी, पाने, पकडी, आणि मधोमध झेंडूच्या माळेत टॉर्क रेंच. दुसऱ्या दिवशी दसरा होता. विमानाचे पहिले उड्डाण हेच त्या वर्षीचे सीमोल्लंघन, असे उदाजीने गावभर सांगून ठेवले होते.

"उदाजीराव, थट्टा राहू द्या," मी म्हणालो. "सकाळी पूर्ण जोरावर इंजिन चालले. प्रोपेलर चकतीवर घासला आहे. नट सैल आहेत."

उदाजीने समईतली एक वात पेटवून घेतली आणि ती नटांजवळ नेली. "बघा. रेघ तुटलीय का? नट फिरू नये म्हणून गुंफलेली तार तरी तुटलीय का? तुम्हीच शिकवलंय मला, रेघ शाबूत तर नट शाबूत."

"लोखंडावर लोखंड असते तेव्हा. इथे मध्ये लाकूड आहे. नट जागचा हललेला नाही. लाकूड हलले आहे. भाद्रपदात ते ओल पिऊन फुगलेले होते, तेव्हा ते आवळले गेले. आता आश्विनाचे ऊन पडते आहे. लाकूड आकसले. तुमच्या देवघराचे दार पावसाळ्यात लागत नाही आणि दिवाळीत खडखडते, ते कशाने?"

"दार वेगळं, पंखा वेगळा."

"वेगळा कसा? ते सहा बोल्ट प्रोपेलरला फिरवीत नाहीत. ते त्याला चकतीवर केवळ दाबून धरतात. फिरतो तो त्या दाबाने. दाब गेला की लाकूड घसरते, घसरले की जळते, आणि मग सगळा भार बोल्टांवर येऊन ते तुटतात. रेंच द्या. एक नट तपासतो. टक झाले, तर मी तुमची सर्वांची माफी मागतो."

उदाजीचा चेहरा बदलला. "रेंच पूजेत आहे, मास्तर."

"मग काढा."

"सीमोल्लंघन झाल्याबिगर पूजेतलं हत्यार हलत नाही. आजोबाच्या वेळेपासनं हलवलेलं नाही."

"म्हणजे उडून झाल्यावर तपासायचे?"

"उडून झाल्यावर."

"हे तर्काला धरून आहे का?"

"नाही," उदाजी म्हणाला. "पण तुमचं तरी कुठं तर्काला धरून आहे? गणपतीपासनं बघतोय मी. चित्रेसाहेबांनी खुर्ची घेतली की तुम्हाला त्या खुर्चीचा पाय लंगडा दिसतोय."

चित्रे मध्ये पडले. "जाऊ द्या हो, उदाजीराव. दीक्षित, मी स्वतः बसणार आहे त्यात. मला माझा जीव प्यारा नाही का?"

त्यांनी ते चांगुलपणाने म्हटले, आणि म्हणूनच ते मला सहन झाले नाही. मी कोयरी पाटावर ठेवली आणि घरी आलो.

वाटेत मी माझी उलटतपासणी केली. वादात मी समोरच्याला सहसा सोडीत नाही. त्या दिवशी समोर मीच होतो. तो वास खरोखर आला होता, की यावा असे मला वाटत होते? चित्र्यांच्या हातून एखादी तरी गोष्ट चुकावी, यासाठी मी किती रविवार टपून होतो, हे मला ठाऊक होते. ज्याला चूक हवीच आहे त्याच्या नाकाची साक्ष कोणी कोर्टात मानील का? मी असतो तर मानली नसती. आणि तरीही मी डोळे मिटले की तो वास येई. धुपाचा येत नसे.

दसऱ्याच्या सकाळी धावपट्टीवर जत्रा भरली होती. ट्रॉल्यांच्या कारखान्यातली माणसे, त्यांच्या घरची मंडळी, शेजारच्या वस्तीवरचे शेतकरी. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि हवा इतकी कोरडी, की ओठ तडकत होते. विमानाजवळच पाट मांडला होता. पूजेतली हत्यारे उदाजीने पाटासकट उचलून आणली होती, म्हणजे विमान उतरताच सीमोल्लंघन पुरे होऊन तिथल्या तिथे ती हलवता यावीत. विमानाच्या शेपटीला आंब्याचा डहाळा बांधला होता. चित्रे आसनात बसून पट्टे आवळीत होते.

मी गर्दीतून पुढे गेलो आणि प्रोपेलरपुढे उभा राहिलो.

"मास्तर, बाजूला व्हा," उदाजी म्हणाला.

"नट तपासल्याशिवाय होत नाही."

"माणसं बघतायत."

"बघू द्या."

"मास्तर!" उदाजीचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "तुमच्या पोटात दुखतंय. सगळ्या गावाला दिसतंय. तुम्हाला वाटतंय की विमान तुमचं, नट तुमचे, आणि उडवणार दुसराच. होय का न्हाई? होय का न्हाई, सांगा!"

मी उत्तर जुळवू लागलो. इतर वेळी मला उत्तरे आयती सुचतात. पण या वेळी तो म्हणाला ते अक्षरशः खरे होते.

चित्र्यांनी पट्टे सोडले, पाय बाहेर टाकले आणि खाली उतरून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचे हसू नव्हते. ते नसले की तो चेहरा बराच वयस्क दिसे.

"दीक्षित, एक विचारू? माझा राग येतो तुम्हाला?"

"येतो."

"कधीपासून?"

"तुम्ही 'हाताला कळतं' म्हणालात तेव्हापासून. त्याआधी, रेंच मागितलात तेव्हापासून."

मागे कोणीतरी खुसखुसले.

"मी यात बसून वर गेलो आणि पडलो, तर वाईट वाटेल?"

मी विचार केला. विचारलेल्या प्रश्नाला नेमके उत्तर द्यावे अशी मला सवय आहे. "उदाजीरावांसाठी वाटेल," मी म्हणालो. "विमानासाठी वाटेल. तुमच्यासाठी वाटावे, पण वाटेलच असे मला आत्ता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"अरे देवा," इंदुमतीवहिनी म्हणाल्या.

चित्रे उदाजीकडे वळले. "उदाजीराव, रेंच काढा."

"साहेब, तुम्ही पण?"

"या माणसाला मला नुसतं अडवायचं असतं ना, तर हा म्हणाला असता, चित्रेसाहेब, तुमची फार काळजी वाटते हो. मी भुललो असतो; मला असलं ऐकायला आवडतं. हा चारचौघांत तोंडावर सांगतोय की तुम्ही मेलात तर मला रडू येईल की नाही ते ठाऊक नाही. स्वतःबद्दल जो एवढं खरं बोलतो, तो नटाबद्दल खोटं कशाला बोलेल? काढा रेंच."

उदाजी जागचा हलला नाही. "अपशकुन होतो," तो हळू म्हणाला. मग त्याने तलवारीकडे पाहिले. त्याला खरोखर भीती वाटत होती, हे मला तेव्हा प्रथम दिसले. आदल्या दिवशीचा त्याचा नकार मी माझ्या तर्काचे खंडन समजून बसलो होतो.

वहिनी पुढे झाल्या. पाटाशी बसून त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या. "गणपतीला आपण काय करतो?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अक्षता टाकून जागचा हलवतो, मग उचलतो. देवाला चालतं ते पान्याला चालंल." त्यांनी रेंचवर अक्षता टाकल्या, हात जोडले, झेंडूची माळ काढून तलवारीवर ठेवली, आणि रेंच बोटभर सरकवला. मग तो उचलून, पदराने कुंकू पुसून, त्यांनी तो पुढे केला. चित्र्यांच्या पुढे.

"मला नको," चित्रे म्हणाले. "भाऊजींना द्या."

चित्र्यांनी खिशातल्या पकडीने सहाही नटांची तार कापली. मी रेंचवर हवा तेवढा जोर ठरवून घेतला. तो जोर फार नसतो. लाकूड जास्त दाबले तर चेचते. पहिल्या नटावर रेंच चढवला आणि ओढला. टक झाले नाही. नट फिरला. पिवळी रेघ मधोमध तुटून नटावरचा तुकडा पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि तरी टक होईना. गर्दीत कोणाला काय कळले असेल कोण जाणे, पण सगळे त्या आवाजाची वाट पाहत होते. अखेर टक झाले तेव्हा रेघेचा तुकडा वळून बोल्टाच्या पार पलीकडे गेला होता. त्याच्या समोरचा नट तर बोटांनी फिरला.

"साहेब," उदाजी म्हणाला, आणि त्याने प्रोपेलरला हात घातला.

आम्ही प्रोपेलर उतरवला. त्याच्या पाठीवर, जिथे तो चकतीला टेकतो तिथे, काळ्या-तपकिरी रंगाचे कडे उमटले होते. उदाजीने त्यावर अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. त्याने तो नाकाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मला वाटले, आता तो माझ्याकडे येईल. काय म्हणेल, आणि त्यावर मी किती मोठ्या मनाने काय म्हणेन, हेही माझे ठरत आले होते. तो मागे वळला, चित्र्यांपाशी गेला आणि त्यांना त्याने कडकडून मिठी मारली. सहा फुटी माणूस हुंदके देत होता. "गेला असता हो, साहेब. माझ्या दारात गेला असता." मग त्याने खिशातून आपट्याची पाने काढली आणि पहिले पान चित्र्यांच्या हातावर ठेवले. दुसरे माझ्या.

हे असेच होणार होते. मरणाच्या दारातून परत आला होता तो माणूस, मी नव्हे. मी हे पुरते समजू शकत होतो, आणि हातातले पान मला काट्यासारखे टोचत होते.

त्या दसऱ्याला विमान उडाले नाही. जळका प्रोपेलर बाद झाला. नवा आला तो मी शेडात आढ्याला टांगून ठेवायला लावला; इथली हवा लाकडाच्या अंगी मुरू दे, मग चढवू, असे मी म्हणालो, आणि या वेळी कोणी थट्टा केली नाही. चढवण्याआधीच्या रविवारी उदाजी म्हणाला, "वाचा मास्तर." मी ते राहिलेले प्रकरण वाचले. चित्रेही बसून होते. मधेच म्हणाले, "'क्रमाक्रमाने व समोरासमोरचे नट आलटूनपालटून' हे काय झकास आहे हो. परत वाचा." मला बरे वाटले, आणि त्यांच्यामुळे बरे वाटले याचा राग आला.

नट मी आवळले. रेघा तांबड्या ओढल्या. थंडीत एका सकाळी चित्रे आसनात बसले, आणि इंजिन सुरू करण्याआधी त्यांनी मला हाताने जवळ बोलावले.

"दीक्षित, माझा राग येतो ना अजून?"

"येतो."

"मग चाललो," ते म्हणाले. विमान धावपट्टीवर पळाले, हलके झाले आणि उसाच्या तुऱ्यांवरून वर गेले. सगळे वर बघत होते. उदाजी टोपी हवेत उडवीत होता. ते उतरल्यावर धावत जाऊन त्याने मिठी कोणाला मारली, हे सांगायला नको.

पुढे ती रीतच पडली. चित्रे दर हिवाळ्यात येत. प्रत्येक उड्डाणाआधी मी रेंच घेऊन सहा नटांवरून हात फिरवी. ऋतू पालटला की कधी एखादा किंचित पुढे सरके, कधी सरकत नसे. मग ते आसनातून विचारीत, "राग येतो ना?" मी म्हणे, "येतो." ते म्हणत, "मग चाललो." नवी माणसे चकित होत. उदाजी त्यांना मूळ गोष्ट सांगे. तीत माझे वाक्य दर वेळी थोडे अधिक क्रूर होत जाई.

अशीच बरीच वर्षे गेल्यावर, मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी सहा नट तपासले, सहा वेळा टक ऐकले, आणि रेंच पुसून ठेवला. चित्र्यांचे केस आता पांढरे झाले होते. आसनात चढताना उदाजीने त्यांना हात दिला.

"दीक्षित, राग येतो ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. आम्ही तिघांनी शेडात नुकताच चहा घेतला होता. निळ्या फुलांचा कप कोणाच्या हातात होता, ते मला आठवेना. माझ्या हातात होता की त्यांच्या? मी आठवून पाहिले. पुष्कळ शोधले, आणि मग मनात आले, राग उरला नसेल तर नट तरी मी पूर्वीच्याच नजरेने तपासले का?

"काय हो?" चित्रे म्हणाले.

"थांबा," मी म्हणालो.

मी परत रेंच उचलला. पहिला नट, त्याच्या समोरचा, मग शेजारचा, मग त्याच्या समोरचा. प्रत्येकाशी कान नेऊन मी टक ऐकले. मग वाकून, प्रोपेलरच्या मागे नाक नेऊन, वास घेतला. तिथे थंड लाकूड होते आणि तेल होते, दुसरे काही नव्हते. उदाजी आणि चित्रे एकमेकांकडे बघत होते.

मी बाजूला झालो.

"येतो," मी म्हणालो.